शुक्रवारचा रस्सा

हुबळीच्या कमरीपेठेतून सायंकाळच्या वेळी जाणाऱ्यास वाराचे भान ठेवणे अवघड जाते. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची ही जुनी वस्ती. सावजी खानावळींचा लौकिक सर्व हुबळी-धारवाडात पसरलेला आहे. लाल तवंगाचे तिखट मटण चुलीवर रटरटू लागले की त्याचा वास गल्लीच्या तोंडाशीच माणसास गाठतो. रेल्वेच्या कारखान्यातून सुटून घराकडे परतणारे आमचे कित्येक भाविक याच वाटेने जातात. म्हणूनच प्रायश्चित्तकाळ जवळ आला की एक प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो : “फादर, शुक्रवारी तुकडे बाजूस सारून नुसता रस्सा भातावर घेतला तर चालतो काय?”

प्रश्न ऐकून हसू येते खरे. परंतु तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नियम कोठे संपतो आणि पळवाट कोठे सुरू होते, हे विचारण्याचा माणसाला हक्क आहे. म्हणून प्रथम कायद्याचे उत्तर देऊ.

1917 सालच्या धर्मसंहितेत मांसवर्जनाच्या दिवशी मांस आणि मांसापासून केलेला रस, अशा दोन्ही गोष्टी नावानिशी वर्ज्य सांगितल्या होत्या. अंडी, दूधदुभते आणि फोडणीपुरती चरबी यांना मात्र मोकळीक होती. पोप पॉल सहावे यांनी 17 फेब्रुवारी 1966 रोजी प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले, तेव्हा मांसाचा निषेध राहिला, अंडी-दूध-चरबीची मोकळीक राहिली, पण रसाचा उल्लेख गळाला. 1983 सालच्या संहितेत तर एवढेच म्हटले आहे की शुक्रवारी मांस, किंवा त्या त्या देशाची धर्माध्यक्ष परिषद ठरवील तो अन्य पदार्थ, वर्ज्य करावा. तेव्हा केवळ अक्षरावर बोट ठेवणारा वकील म्हणेल की रस्सा सुटला.

आम्हांस तो युक्तिवाद पटत नाही. चरबीची मोकळीक ज्या मुलुखांत दिली गेली, तेथील गरिबाच्या घरी तेल नव्हते. डुकराच्या चरबीवाचून त्याची भाजी शिजतच नव्हती. त्याची अडचण दूर करण्यासाठी ती सवलत होती. सावजी रस्सा ही कोणाची अडचण नव्हे. त्या जेवणाचा सारा प्राण रश्शातच असतो. तुकडे टाकून रस्सा ओरपणाऱ्याने मांस वर्ज्य केले नाही. चावण्याचे श्रम तेवढे वर्ज्य केले!

हाच प्रश्न एखाद्या यहुदी शास्त्र्यापुढे ठेवला असता तर त्याने आमच्याहून अधिक काटेकोर उत्तर दिले असते. मांस व दूध एकत्र करू नये, हा यहुदी लोकांचा नियम प्रसिद्धच आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा मोशेच्या ग्रंथांत तीन वेळा आली आहे. निर्गमात दोनदा व अनुवादात एकदा. या एका वाक्यावर शास्त्र्यांनी मोठी इमारत उभारली. मांसाची भांडी निराळी, दुधाची निराळी. मांसाहारानंतर दूध घेण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी सहा तास थांबावयाचे. जर्मनीतील यहुद्यांत तीन, हॉलंडच्या यहुद्यांत एकच. आता मांसाच्या हंड्यात चुकून दुधाचा थेंब पडला तर? शास्त्री म्हणतात, पदार्थाची चव म्हणजे पदार्थच. चव उतरली असेल तर अन्न बाद. पण चव उतरली की नाही हे ठरवावे कोणी? यहुद्याला तर ते चाखताच येत नाही. तालमूदातील ‘हुल्लीन’ प्रकरणात यावर फार व्यवहारी तोड सांगितली आहे : यहुदी नसलेल्या स्वयंपाक्यास चाखावयास द्यावे आणि त्याच्या जिभेवर विश्वास ठेवावा. स्वयंपाकी न मिळाल्यास प्रमाण पाहावे. पडलेल्या थेंबाच्या साठपट अन्न हंड्यात असेल तर थेंब नाहीसा झाला असे मानावे. मात्र मुद्दाम थेंब टाकून साठपटीचा हिशेब दाखविणाऱ्यास क्षमा नाही. नकळत घडलेल्यास उदार आणि लबाडीस कठोर, असा हा न्याय आहे. त्यात रस्सा अर्थातच मांसाच्या पंक्तीला बसतो.

यहुदी म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे दूरदेशीचे लोक येतात. वस्तुतः मराठी बोलणारे यहुदी आपल्या कोकणात कित्येक शतके नांदत आले आहेत. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा या भागांतील बेने इस्रायल तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची परंपरा अशी की नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे तारू फुटले आणि जी थोडी माणसे वाचली त्यांचे ग्रंथही समुद्रात गेले. पुढे दाविद रहाबी नावाचे यहुदी गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरोखर इस्रायलाच्या वंशातील आहेत काय, अशी त्यांना शंका होती. त्यांनी बायकांच्या पुढ्यात निरनिराळी मासळी एकत्र करून ठेवली व शिजवावयास सांगितले. बायकांनी पर व खवले असलेली मासळी तेवढी वेचून घेतली आणि बाकीची, ‘आम्ही ही खात नाही’ असे सांगून, दूर सारली. रहाबींची खात्री पटली. हाईम सामुएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात ही कथा नोंदविली आहे; तो ग्रंथ 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातला हा नियम : बांगडा, रावस, पापलेट चालतात, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी, वाम चालत नाहीत. शास्त्री नाही, पोथी नाही, प्रार्थना बहुतेक विस्मृतीत गेलेल्या. आणि तरी मासळीच्या टोपलीपुढे बसलेल्या बाईचे हात चुकले नाहीत! धर्म टिकविण्याचे काम विळीवर किती झाले आणि व्यासपीठावर किती, याचा विचार आम्हां धर्मगुरूंनी अधूनमधून करावा.

याच समाजाने मांसात दूध-दही न घालता नारळाचे दूध घातले आणि कोकणी स्वयंपाकाची चवही राखली, नियमही राखला. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकोव येथे मोशे इसरलीस नावाचे मोठे धर्मशास्त्री होऊन गेले. मांस बदामाच्या दुधात शिजवावयाचे असेल तर पानाशेजारी चार बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. कोकणात अशी खूण ठेवण्याची गरज नाही. नारळाच्या दुधाला गाईचे दूध समजेल असा माणूस तेथे सापडावयाचा नाही. शब्बाथच्या प्रार्थनेस द्राक्षारस हवा, तो खेड्यात कोठून मिळणार? तेव्हा काळे मनुके भिजवून त्याचे सरबत करण्याची चाल पडली. गोमांस त्यांच्या धर्मशास्त्रास वर्ज्य नाही. तरी हिंदू शेजाऱ्यांत राहावयाचे म्हणून ते खाण्याचे त्यांनी टाळले. जे अन्न खाल्ल्याने आपला बंधू अडखळेल ते आपण कधीच खाणार नाही, असे संत पौलाने करिंथकरांस कळविले होते. बेने इस्रायलांनी पौलाचे पत्र वाचले नव्हते, पण शेजारधर्म त्यांना ठाऊक होता.

आता अपवादांकडे वळू. यहुदी आहारनियम रोगराई टाळण्यासाठी झाले, असे पुष्कळजण सांगतात. मध्ययुगातील थोर पंडित मैमोनिदेस हे स्वतः वैद्य होते व त्यांनी या नियमांत आरोग्याचा हेतू पाहिला हे खरे. तथापि मोशेच्या ग्रंथात कारण दिले आहे ते एकच : मी पवित्र आहे, म्हणून तुम्हीही पवित्र असा. जो नियम देवाने पावित्र्यासाठी घालून दिला तो माणसाने कशासाठी मोडावा? शास्त्र्यांचे उत्तर ठाम आहे. जीव वाचविण्यासाठी मोडावा. नव्हे, मोडलाच पाहिजे. मूर्तिपूजा, व्यभिचार आणि मनुष्यहत्या ही तीन पापे सोडून बाकी सर्व आज्ञा जिवापुढे मागे सरतात.

मिश्नातील ‘योमा’ प्रकरणात याचे बारकावे वाचावयास मिळतात. प्रायश्चित्ताचा महादिवस हा यहुद्यांचा सर्वांत कडक उपवास. त्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसतो. तरी गर्भिणीला एखाद्या पदार्थाच्या वासाने जीव कासावीस झाला तर तिचा जीव शांत होईपर्यंत तिला खावयास द्यावे. एखाद्याला भुकेची भोवळ येऊन दिसेनासे झाले तर त्याचे डोळे उजळेपर्यंत, दुसरे काही हाताशी नसल्यास निषिद्ध अन्नदेखील भरवावे. वैद्य म्हणतो अन्नाची गरज नाही आणि रोगी म्हणतो गरज आहे, तर कोणाचे ऐकावे? रोग्याचे, कारण मनाचे दुःख ज्याचे त्यालाच कळते, असा नीतिसूत्रांचा आधार तालमूदाने दिला आहे. 1848 साली विल्ना शहरात पटकीची साथ होती, तेव्हा रब्बी इस्रायल सलांतर यांनी महादिवशी भर सभास्थानात लोकांस अन्न घेण्यास सांगितले, अशी कथा यहुदी लोक आजही सांगतात.

1944 सालच्या वसंतात जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत वल्हांडण सण आला. त्या आठ दिवसांत खमिराचे काहीही खावयाचे नसते आणि छावणीत मिळत होता तो खमिराचा पाव. तो नाकारणे म्हणजे मरण. तेथील रब्बींनी एक प्रार्थना रचली व पाव तोंडात घालण्यापूर्वी ती म्हणावयास सांगितले. तिचा आशय असा की हे देवा, बेखमीर भाकर खाऊन तुझी आज्ञा पाळावी हीच आमची इच्छा आहे, हे तू जाणतोस. परंतु तुझ्याच दुसऱ्या आज्ञेप्रमाणे आम्हांस जगावयाचे आहे, म्हणून हा पाव आम्ही खात आहोत. नियम मोडतानाही त्यांनी नियमदात्याकडे पाठ फिरविली नाही. पाव खाल्ला तोही आज्ञा म्हणूनच.

यावर चाणाक्ष वाचक विचारील, मग मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील वृद्ध एलाझाराचे काय? नव्वदीला टेकलेल्या त्या शास्त्र्याच्या तोंडात राजाच्या माणसांनी बळाने डुकराचे मांस कोंबले. जुन्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनी त्याला बाजूस घेऊन कानात सांगितले की तुला चालणारे मांस तू घरून आण आणि राजाचे खाल्ले असे नुसते भासव. तो अपवाद नव्हता, नियमभंगही नव्हता. नुसते सोंग होते. एलाझाराने ते नाकारले व मरण पत्करले. तरुण मुले समजतील की म्हातारपणी एलाझार परधर्मात गेला, एवढेच त्याचे कारण. भुकेने व्याकूळ झालेल्याने जे अन्न निःशंकपणे घ्यावे तेच अन्न धर्म सोडल्याची निशाणी म्हणून पुढे केले तर घेऊ नये, असा हा भेद आहे. छळाच्या काळात चपलेचा बंद बदलण्याइतकी क्षुल्लक गोष्टही ऐकू नये, असे तालमूद सांगतो तेही याच अर्थाने.

प्रभू येशू याच परंपरेत वाढला. शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडली तेव्हा त्याने दाविदाचे उदाहरण दिले. याजकांसाठी राखलेली समर्पित भाकर भुकेल्या दाविदाने खाल्ली व सोबत्यांस दिली. पुढे यापो येथे संत पेत्राला आकाशातून उतरणाऱ्या चादरीचा दृष्टान्त झाला आणि शुद्ध-अशुद्ध अन्नाचा भेद ख्रिस्तसभेत उरला नाही. मात्र येरुशलेमच्या सभेने परजातीय ख्रिस्ती लोकांवर काही बंधने ठेवली होती. मूर्तीला वाहिलेले, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे आणि रक्त, असे अन्न त्यांनी टाळावे, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. आमच्या गोव्याकडच्या कुटुंबांना हे वाचून दचकावयास होईल, कारण जुन्या रीतीच्या सरपातेलात डुकराचे रक्त पडते! त्यांनी निश्चिंत असावे. यहुदी व परजातीय एका पंक्तीस बसावेत म्हणून तो निर्णय होता. ती परिस्थिती सरली तसे त्याचे बंधनही सरले, हे फ्लॉरेन्सच्या सार्वत्रिक परिषदेने 1442 साली स्पष्ट केले.

म्हणजे आमच्याकडे मांस अशुद्ध नाही. ते चांगले आहे, आवडते आहे, म्हणूनच ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या वारी आपण ते बाजूस ठेवतो. यहुद्याच्या व आमच्या व्रतातले अंतर हे एवढे मोठे आहे, आणि आमचे अपवादही त्यामुळे निराळ्या जातीचे आहेत. ते सगळेच भूषणावह नाहीत. प्रायश्चित्तकाळात लोणीही वर्ज्य होते तेव्हा पोप इनोसंट आठवे यांनी 1491 साली जर्मनीतील साक्सनी प्रांतास लोणी वापरण्याची परवानगी दिली, ती दानाच्या अटीवर. फ्रान्समधील रुआँच्या महामंदिराचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणूनच ओळखला जातो, कारण अशाच परवानग्यांच्या पैशाने तो बांधला असे म्हणतात. लूथरने 1520 साली या व्यवहारावर टीका केली. त्याच्या इतर मतांशी आम्ही सहमत नाही. परंतु ही टीका अनाठायी होती असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. कॅनडातील बीव्हर हा जनावर पाण्यात राहतो, म्हणून सतराव्या शतकात त्याची गणना मासळीत केली गेली असे सांगतात. आणि अगदी अलीकडे, 2010 साली, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप ग्रेगरी एमंड यांनी एका भाविकास सुसरीच्या जातीचा अॅलिगेटर मासळीतच मोडतो असे लेखी कळविले. हुबळीत सुसर विकत मिळत नाही ही देवाची कृपा, नाहीतर तेही प्रश्न आम्हांस सोडवावे लागते.

याहून मोलाचे अपवाद दुसरेच आहेत. कम्युन्यो घेण्यापूर्वी मध्यरात्रीपासून पाणीदेखील वर्ज्य असे. कित्येक घरांतील वडीलधारी माणसे ते अजून सांगतात. पोप पायस बारावे यांनी 1953 साली पाण्याची बंदी उठविली व 1957 साली तीन तासांची मर्यादा घातली. 1964 साली पोप पॉल सहावे यांनी ती एका तासावर आणली. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर आज तेही बंधन नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचा हा उल्लेख आम्हांस फार आवडतो. रात्रभर खाटेशेजारी बसलेल्या सुनेने पहाटे चहा घेतला तर तिची गणनाही रोग्याबरोबर केली आहे.

एक गोष्ट मात्र वाकत नाही. ज्यांना गव्हातील ग्लूटेन बाधते त्यांच्यासाठीही मिस्सेची भाकर तांदळाची करता येत नाही. ती गव्हाचीच लागते. कारण येथे शिस्तीचा प्रश्न नसून संस्काराच्या द्रव्याचा आहे. अशांसाठी अत्यल्प ग्लूटेनची भाकर, किंवा केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद, अशी वाट ठेवलेली आहे.

काही वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारी क्रुसाची वाट चालू असता आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता चौथ्या स्थानाशी कोसळल्या. मधुमेहाची सुई त्यांनी सकाळी घेतली होती, आणि उपवास म्हणून पोटात काही घातले नव्हते. कोणी तरी धावत जाऊन साखर आणली व त्यांच्या तोंडात घातली. शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “फादर, माझा उपवास मोडला का?” त्या बाईंचे वय 67 होते. उपवासाचा कायदा अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत लागू असतो. म्हणजे आठ वर्षे त्या कायद्याखाली येतच नव्हत्या. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. इकडे रश्शाचा प्रश्न विचारणाऱ्या धट्ट्याकट्ट्यांस कायद्याची कलमे तोंडपाठ असतात!

तेव्हा स्पष्टच लिहितो. राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे. त्यात एक पूर्ण जेवण व दोन वेळा अल्पाहार घेता येतो. मांसवर्जन चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून. सुई किंवा गोळी घेणारे मधुमेही, गर्भिणी, अंगावर पाजणाऱ्या माता, नुकतेच दुखण्यातून उठलेले, यांनी उपवास करू नये; त्यासाठी कोणाची परवानगी मागण्याचेही कारण नाही. कारखान्यात भट्टीपुढे काम करणाऱ्यांचा उपवास त्यांच्या श्रमांतच आला असे जुन्या नीतिशास्त्र्यांचे मत आहे, व आमचेही तेच आहे. ज्यांच्या घरी शुक्रवारीच लग्नाची पंगत किंवा मालकाकडचे जेवण ओढवते, त्यांच्यासाठी धर्मग्रामाच्या पुरोहितास योग्य कारणावरून सूट देण्याचा अथवा त्याऐवजी दुसरे सत्कृत्य नेमून देण्याचा अधिकार कलम 1245 ने दिला आहे. आणि कारवारहून आलेली सुरमई मटणाच्या भावाने घेऊन शुक्रवार साजरा करणाऱ्यांनी कायदा पाळला आहे, हे आम्ही नाकबूल करीत नाही; त्या दिवशी डाळभात खाऊन उरलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकले तर पेटीची किल्ली आमच्यापाशी आहे, इतकेच कळवितो.

या नियमांचा एक कागद आम्ही मंदिराच्या दाराशी लावीत आहोत. ज्यांच्या घरी सुई घेणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी राखेच्या बुधवारापूर्वी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.